काळ्या तांब्यावरचा अंगठा

दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून पौर्णिमाचा पाय घरात ठरत नव्हता. ओसरीवरून अंगणात, अंगणातून मळ्याच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत, धुऱ्यावरून पुन्हा ओसरीवर. सातवा महिना सरत आलेला. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात फोन. अकोल्याच्या अंगाला, मोर्णेकाठच्या त्या मळ्यात झेंडू असा फुलला होता की बघणाऱ्याच्या तोंडावर पिवळा उजेड पडावा. पौर्णिमा त्या उजेडातून जात होती, येत होती, आणि एकाही फुलाकडे तिचं लक्ष नव्हतं.

ओसरीवर तिची आई रुख्मिणी माळा ओवत बसली होती. सुईत फूल गेलं की तिच्या तोंडातून ओळ निघायची. जुन्या चालीवर ती नवे शब्द बसवायची, सवयच होती.

पिवळ्या फुलाची मी वं, किती ओवू ओवू माळ
लेक बसेना जाग्याले, तिचं बसेना वं बाळ

"माय, गाण्यात मले काहून ओढतं?"

"तू समोरून जाऊन-येऊन राहिली म्हणून. बस एका जागी, मंग दुसरं गाते."

पौर्णिमा बसली. क्षणभरच. लगेच उठून आत गेली आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा जागच्या जागी आहे का ते पाहून आली.

त्या डब्यात पाच पाट्या होत्या. बिस्किटाएवढ्या, चौकोनी, तांब्याच्या. पण तांबं म्हणून कुणी ओळखलं नसतं. मखमलीसारखा दाट, खोल काळा रंग. रुख्मिणीनं त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिचे हात शिवशिवले होते.

"तांबं हाये म्हणतं अन् असं तव्याच्या बुडासारखं? आण इकडे. चिंच लावून लख्ख करून देते."

"हात लावला तं मी अमरावतीले वापस जाईन."

"जाय. पोटातल्याले मात्र इथं ठेवून जाय."

तेव्हापासून डबा वरच्या फळीवर होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की चिंच आणि डबा एकमेकांजवळ जाता कामा नये.

त्या काळ्या रंगापायी पौर्णिमानं अमरावतीला चार वर्षं घातली होती. वाटीभर निळ्या द्रावणात, विजेच्या मंद धारेवर, तिनं तांब्याच्या पत्र्यावर तांब्याचेच केस उगवले होते. माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतके बारीक, अंगाला अंग लावून उभे, दाट पेरलेल्या ज्वारीसारखे. साधं गुळगुळीत तांबं उजेड आरशासारखं परत फेकतं. या रानात उजेड शिरला की बाहेरची वाट त्याला सापडत नाही, म्हणून ते काळं दिसतं. काळं आहे तोवर केस उभे आहेत. लाल तांबूस झालं की झोपले. एवढी खूण साध्या डोळ्यांना पुरायची.

या पाट्यांवर उजेड पाडायचा होता तो मात्र साधा नव्हता. घाटापलीकडे एका मोठ्या प्रयोगशाळेत लेझरचा असा लखलखाट निघतो की एक पापणी लवेपर्यंतच्या वेळात तसे कोट्यवधी मावावेत आणि तरी जागा उरावी. इतक्या थोड्या वेळात तो इतका तापवतो की तांब्याचा आगीहून ऊन वाफारा होतो आणि त्यातून एक्स-रे निघतात. पौर्णिमाचं म्हणणं एवढंच होतं की केसाळ तांबं उजेड पिऊन घेतं, तर त्यातून एक्स-रे साध्या तांब्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाले पाहिजेत.

निघाले नव्हते. उन्हाळ्यात तिच्या पाट्या तिथं गेल्या तेव्हा साध्या तांब्याइतकेच निघाले. तिथले सर म्हणाले, केस वाटेतच मोडले असतील. पौर्णिमा म्हणाली, तुमचा उजेड आधी तपासा. पुरावा दोघांकडेही नव्हता, पण लेझर त्यांचा होता. परत आल्यावर तिच्या मार्गदर्शक ललिता मॅडम हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "दसऱ्यानंतर अजून एकदा आपल्याला वेळ मिळतोय. तेव्हाही नाही निघालं तर हा विषय बंद करू. तू दुसरा घे."

आणि आता, शेवटच्या वेळी, तिला जाता येत नव्हतं. एक्स-रे निघतात त्या जागी पोटुशी बाईनं शिरायचं नाही, असा तिथला नियम. नियम बरोबर होता, आणि बरोबर होता म्हणूनच जास्त टोचत होता. तिच्याऐवजी तिच्याच प्रयोगशाळेतला जीवन जाणार होता. तो सणाला चांदूर बाजारला आपल्या घरी गेलेला. दसऱ्याच्या दुपारी बडनेऱ्याला गाडीत बसणार आणि अकोल्याच्या फलाटावर तिच्याकडून डबा घेणार, असं ठरलं होतं. आधी देता आला असता डबा. पण जीवन हुशार असला तरी बॅग सीटवर फेकणारा माणूस. पौर्णिमाला शेवटच्या घटकेपर्यंत तो आपल्याजवळ हवा होता. नवरा कुलदीप तिवस्याला शाळेत शिकवायचा. तिला माहेरी सोडायला आला तेव्हा हसत म्हणाला होता, "बाळंतपणाच्या सामानात हा डबाच जड हाये."

दसऱ्याला उजाडायच्या आत तिचे वडील नत्थुजी टेम्पो भरून झेंडू घेऊन जठारपेठेच्या बाजारात गेले. दुपार व्हायच्या सुमारास परत आले ते पार पिवळे होऊन. खिशात पाकळ्या, कानामागं पाकळी, आवाज ओरडून बसलेला. मागं थोडी फुलं उरली होती. त्यांनी आंघोळ केली, धोतर बदललं आणि अंगण झाडायला घेतलं. हत्यारं पुजायची होती.

तेवढ्यात ललिता मॅडमचा फोन आला. घरात आवाज तुटायचा, म्हणून पौर्णिमा चालत विहिरीपर्यंत गेली. पाट्या कोणत्या क्रमानं लावायच्या, किती अंतरावर मारा करायचा, बोलणं लांबलं.

"पौर्णिमा, बसून बोल. धाप लागतेय तुला."

"बसलेच आहे, मॅडम," ती विहिरीभोवती फिरत म्हणाली.

"प्रतीक्षाच्या जस्ताच्या पाट्याही जीवनच्या बॅगेत ठेवल्या आहेत. राखीव म्हणून. तू मनाला लावून घेऊ नकोस."

प्रतीक्षा तिच्याच प्रयोगशाळेतली, तांब्याऐवजी जस्तावर काम करणारी.

ती परत आली तेव्हा अंगणात सडा पडला होता, रांगोळी होती, आणि हत्यारं ओळीनं मांडलेली. इळा, पावडं, डवरं, फवारणीचा पंप, फुलं तोलायचा काटा, मागं गळ्यात हार घातलेला टेम्पो. प्रत्येकावर हळदीकुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी. आणि ओळीच्या शेवटी, सगळ्यांहून वर, पाटावर कोरं कापड अंथरून त्यावर पाच काळ्या पाट्या. प्रत्येकीच्या बरोबर मधोमध ओलं, लालभडक कुंकू.

पौर्णिमा होती तिथंच थबकली.

"ये पुनी, पाया पड," नत्थुजी म्हणाले. चेहरा समाधानानं भरलेला. "इतके वर्स मायीच हत्यारं पुजली. तुयी राहून जात होती. तू तिकडे चालली नाई, मंग म्हटलं हे तरी पुजून जाऊ दे."

"हात लावला तुमी?"

"हात कुठं? आंगठा टेकवला फक्त. धुतलेला होता."

दारातून रुख्मिणी म्हणाली, "अन् मी नुसतं चिंचेचं नाव घेतलं तं घर डोक्यावर घेतलं होतं!"

पौर्णिमा जडपणानं खाली बसली. पाकळी कडेला धरून उचलली, अक्षता फुंकरीनं उडवल्या. पहिल्या पाटीवर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ते रान वातीसारखं पाणी ओढणारं. कुंकवाचं पाणी चहूकडे पसरत गेलं होतं, आणि वाळताना त्यानं केसांना एकमेकांत ओढून लोळवलं होतं. पाटीच्या मधल्या भागात मोठा तांबूस डाग. काठानं नखाएवढ्या रुंदीची काळी चौकट तेवढी उरलेली. दुसरी पाटी तशीच. तिसरी तशीच. पाचही.

"चार वर्स, बाबा!" तिचा आवाज फाटला. "इचाराचं तं होतं! एका शब्दानं इचाराचं तं होतं!"

नत्थुजी गोंधळले. "हत्याराले कुंकू लावाले कोनाले इचारते का कोनी?"

ते वाद घालत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. लेकीच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता मग हळूहळू कळत गेलं, आणि मार चुकवणारं पोर लपवतं तसा त्यांनी उजवा हात पाठीमागं नेला.

तिनं मॅडमना फोन लावला. झालं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मग प्रतीक्षाच्या लावू या, पौर्णिमा. दुसरं काय करणार?"

"मॅडम, स्टेशनपर्यंत वेळ द्या मला. फक्त स्टेशनपर्यंत."

कशासाठी मागितला वेळ, हे तिलाही माहीत नव्हतं.

टेम्पोत बापलेक शेजारी बसले. तिच्या मांडीवर डबा. मागं उरलेला झेंडू, प्रत्येक खड्ड्याला त्याचा वास पुढं येत होता. रस्ताभर नवे कपडे, हार घातलेल्या मोटरसायकली, हातात आपट्याची पानं घेतलेली माणसं. पौर्णिमाचा राग अजून उतरला नव्हता; बोलली असती तर पुन्हा ओरडलीच असती. ती त्यांच्या हाताकडे पाहत होती. स्टिअरिंगवर चार बोटं टेकलेली, आणि अंगठा उचललेला. हॉर्नही ते डाव्या हातानं वाजवत होते. त्या अंगठ्यानं टेम्पोही बिघडेल अशी भीती असावी तसे. अंगठ्याच्या रेषांत कुंकू भरलेलं होतं.

पोटात बाळानं लाथ मारली. ती सावरून बसली आणि डबा उघडून पुन्हा पाहिलं. काठ काळा, मध्य तांबूस. काठाला उभे, मध्ये झोपलेले.

तिनं डबा बंद केला. परत उघडला.

तांबं तेच. केसही तेच, तितकेच, एकाच वाटीत एकाच दिवशी उगवलेले. फरक एवढाच की इथं उभे आहेत आणि बोटभर अंतरावर आडवे. उन्हाळ्यात काय झालं होतं? साधी पाटी एका दिवशी, केसाळ पाटी दुसऱ्या दिवशी. लेझर कमीजास्त झाला असेल, पाट्या मोडल्या असतील, कुणीही काहीही म्हणू शकत होतं. इथं दोन्ही शेजारी होते. असं एकाच पाटीवर दोन्ही शेजारी ठेवायचं तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं.

"बाबा, थोडं जल्दी चालवा," ती म्हणाली. पूजेनंतरचं तिचं ते पहिलं सरळ वाक्य. नत्थुजींनी मान हलवली आणि वेग वाढवला.

फलाटावर गाडी थांबली तसा जीवन डब्याच्या दारातच उभा दिसला. "सोनं घ्या ताई," म्हणत त्यानं आपट्याचं पान पुढं केलं आणि डबा उघडून पाहिला. "अरे बापा! हे काय, तीट लावून आणली का पाट्याइले? कोनाची नजर लागन म्हणून?"

"हसू नको. ऐक. पयले काळ्या काठावर मार. मंग काहीच न हलवता, नुसती पाटी सरकवून, त्या लाल डागावर मार. एकाच पाटीवर, एकामागं एक. काळ्यावर, लालवर, काळ्यावर, लालवर. समजलं?"

"मॅडम तं म्हणे प्रतीक्षाच्या लावाच्या."

"मॅडमशी मी बोलते. तू नेतं का नाई ते सांग."

जीवननं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं. खांबाआड नत्थुजी उभे होते, हात पाठीशी धरून.

"काका, तुमी लावलं का हे?"

"लावलं, बापू," नत्थुजी म्हणाले.

"मंग नाई कसं म्हणू." त्यानं डबा बॅगेत टाकला नाही, पोटाशी धरला. गाडी हलली. पौर्णिमा डब्यासोबत चार पावलं चालत गेली, मग फलाट संपायच्या आत थांबली.

मॅडमना तिनं परत येताना टेम्पोतूनच फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पहिला दिवस तुझा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवेन."

पुढचे तास कसे काढावेत ते तिला कळेना. प्रयोगशाळेत फोन आत नेता येत नाही. जीवन बाहेर येईल तेव्हाच बोलेल. ती झेंडूच्या वाफ्यांतून फिरली, सुकली फुलं खुडली, खुडलेली परत टाकून दिली. जेवायला बसली आणि भाकरीचा तुकडा हातात घेऊन उठली. रुख्मिणीनं पाय चेपून दिले. ते हातातच वळवळत होते. घरात नत्थुजी तिच्या कोणत्याच वस्तूला शिवत नव्हते. तिची पुस्तकं वाटेत पडली होती, त्यांना वळसा घालून जायचे. तिचं पांघरूण उंबऱ्यात पडलं तर रुख्मिणीला हाक मारायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मळ्याच्या टोकाला असताना ओसरीवरून त्यांचा आवाज आला. "पुनी! तुया फोन वाजून राहिला!"

"आणा ना!"

ते आणेनात. फोन बाजेवर वाजत होता आणि ते दोन हात अंतरावर उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. ती पोट सांभाळत वाफ्यांमधून आली. पोचेपर्यंत फोन बंद. उलट लावला तर लागेना. फोन पुन्हा वाजला तेव्हा दोघंही दचकले.

"ताई," जीवनचा आवाज पडलेला होता. "सारखंच हाये. काळ्यावर जेवढं, लालवर तेवढंच. इथले सर म्हणते, केस मोडलेच असन. उद्या सकाळपासून प्रतीक्षाच्या लावू म्हणते."

पौर्णिमा बाजेवर बसली. किती दिवसांनी ती अशी बसली असेल. अंगातलं वारंच निघून गेल्यासारखी. रुख्मिणीची सुई थांबली.

मग ती हळूच म्हणाली, "जीवन, काठ अजून काळा हाये?"

"काळाकुट्ट."

"अन् मधात?"

"लाल. काकाचा आंगठा तं अजून साफ दिसते."

"मंग काठाचे केस उभे हायेत. मोडले असते तं लाल पडले असते, मधात पडले तसे." ती उभी राहिली होती, तिला कळलंही नव्हतं. "उभे अन् झोपलेले सारखंच देऊन राहिले, याचा अर्थ काय? खरा लखलखाट पोचाच्या आधीच उभे बी झोपून जातेत. पुढून काहीतरी येऊन त्याइले लोळवून जाते."

उन्हाळ्यात ती हेच सांगत होती. त्या मोठ्या लखलखाटाच्या पुढं एक फिकट उजेड पळत येतो. खऱ्या उजेडाच्या मानानं तो काहीच नाही, पण तांब्याच्या त्या केसांना तेवढाही पुरतो. कापणीच्या आदल्या दिवशी रानात ढोरं शिरावीत तसं होतं. मग खरा उजेड येतो तेव्हा रान उरलेलंच नसतं. त्या फिकट उजेडाला अडवायला तिथं एक खास आरसा असतो. तो नीट असला तर.

"सरले सांग, पाट्या बदलाच्या आधी तो पुढं पळणारा उजेड मोजा."

"मी सांगू? ते मायावर भडकतीन, ताई."

"मंग त्याइले बाहेर बोलाव. हा फोन दे त्याइच्या हातात."

बराच वेळ गेला. पलीकडे दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज. मग सर आले. पौर्णिमानं ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, शुद्ध भाषेत, एकदाही न थांबता सगळं सांगितलं. पुस्तकातलं वाचल्यासारखं. तिच्या आईला त्यातलं काही कळलं नाही, पण लेकीचा आवाज कापत नाही एवढं कळलं.

सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तो मधला लाल डाग. तो कशाचा आहे?"

"कुंकवाचा, सर."

"कुंकवाचा."

"वडिलांनी लावलंय. दसरा होता."

मग सर म्हणाले, "काठ काळा आहे, हे खरं. मी पाहिलंय. बरं, मोजतो."

त्या संध्याकाळी नत्थुजी वाफ्यांना पाणी सोडत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. पाणी एका सरीतून दुसरीत वळलं.

"पुनी, त्या उजेडाले एवढी घाई काहून?" नत्थुजींनी पाण्याकडे पाहतच विचारलं. "खऱ्याच्या आधी पळाची?"

तिला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. "कोनाचा वाण लागला असन त्याले."

"तुया," नत्थुजी म्हणाले. आणि जरा थांबून, "अन् जे येऊन राहिलं त्याचा बी."

सकाळ काहीच न कळता गेली. दुपारी मॅडमचा निरोप आला: आज प्रतीक्षाच्या लावल्या नाहीत, सरांनीच थांबवल्या. एवढंच. पौर्णिमा आता धुऱ्यापर्यंतही जात नव्हती, बाजेभोवतीच फिरत होती. नत्थुजी उंबऱ्यावर बसले होते. बाजारात जायची वेळ टळून गेली होती, टेम्पो फुलं भरून दारात उभा होता, आणि ते बसले होते.

फोन वाजला.

"ताई, गळत होतं!" जीवन ओरडतच होता. "आरसा तिरका झाला होता म्हणे, कधीपासून कोन जाणे! सकाळून नीट बसवला. आता काळ्यावर मारलं तं पडद्यावरची रेघ वरून निघूनच गेली. पट्टी बदलावी लागली मोजाची. दहा पटीच्या वर हाये, ताई! सर तीनदा मारून पाह्यले, तीनदा तेच!"

"अन् लालवर?"

"लालवर जुनंच. जरासं. काळ्यावर एवढं मोठं, अन् सरकवलं की लालवर जरासं. एकाच पाटीवर! आता कोन काय म्हणन? सर म्हणते दिवसभर पाचही पाट्यावर हेच करा. थांबा, फोटो पाठवतो."

पौर्णिमा खांबाला टेकली. रुख्मिणीनं येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. काय झालं ते तिनं आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, अर्धं रडत, अर्धं हसत.

नत्थुजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् माया आंगठ्याच्या जागी?"

खोटं बोलता आलं असतं. तेही त्यांनी मानून घेतलं असतं.

"तिथं कमी हाये, बाबा. तिथं केस मेले."

पाणी न पोचलेल्या वाफ्याबद्दल ऐकावं तशी त्यांनी मान हलवली. "असनच," म्हणाले.

"पण तिथं कमी आलं म्हणून बाकीच्या ठिकाणी जास्त हाये हे दाखवता आलं. तुमचा आंगठा नसता तं काल केस मोडले म्हणूनच सोडून दिलं असतं, अन् पाट्या गेल्या असत्या परत."

हे आपलं मन राखायला म्हणते की खरंच, हे ठरवता येत नसावं. तेवढ्यात फोटो आला. पौर्णिमानं तो बोटांनी मोठा केला आणि त्यांच्यापुढं धरला. काळ्या काठापासून सुरू होऊन लाल डागातून आरपार गेलेली बारीक बारीक भोकांची सरळ ओळ, जिथं जिथं लखलखाट पडला होता. आणि त्याखाली, पडदाभर, एकाशेजारी एक वळत गेलेल्या रेषा.

नत्थुजींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हे तं वावर हाये," ते म्हणाले. "डवरलेलं. अन् हे भोकं पाडून सरकी टोबली कोनीतरी."

"वावर नाई. तुमचा आंगठा हाये."

त्यांनी आपला हात पाठीमागून काढला आणि त्या रेषांशेजारी धरला. कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"बाबा, पुढच्या दसऱ्याले एका पाटीले लावा," पौर्णिमा म्हणाली. "एकाच. ती मी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवीन."

"इचारून लावू?"

"इचारून."

रुख्मिणी म्हणाली, "आता तं बस वं माय एका जागी."

पौर्णिमा बसली. पण पायाची टाच लगेच जमिनीवर थापटू लागली. पाच पाट्या संध्याकाळपर्यंत संपणार. नवीन उगवायच्या, त्याआधी बाळ. द्रावण कोण बनवेल, मखमल काळी झाली की नाही ते अमरावतीत कोण बघेल? तिनं प्यायला पाणी घ्यायचं म्हणून फोन बाजेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथूनच तिला तो पुन्हा वाजताना ऐकू आला. मॅडम असणार. ती वळली, घाई करावी तर हातातला पेला भरलेला.

नत्थुजी उंबऱ्यावरून उठले. बाजेपाशी गेले. थोडे थांबले. मग धोतराला अंगठा पुसून त्यांनी फोन उचलला, आणि तसाच वाजत असलेला, दोन्ही हातांत धरून, तिच्याकडे घेऊन आले.